पन्हाळ्याच्या वाटेवर सायकल स्पर्धा: मार्शल किती, कुठे आणि काय शिकवून उभे करायचे

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातला एक सायकल गट हिवाळ्यातल्या एका रविवारी शहरातून पन्हाळ्यापर्यंत आणि परत अशी सुमारे ३०० जणांची स्पर्धा घेणार आहे. रस्ता पूर्ण बंद मिळणार नाही, पोलीस मोजक्याच चौकांत असतील. मार्शल, म्हणजे वाटेत उभं राहून सायकलस्वारांना धोक्याची खूण करणारे स्वयंसेवक, किती लागतील, त्यांना कुठे उभं करायचं आणि काय शिकवायचं?

‘किती’पासून सुरुवात केली की नियोजन फसतं. आधी एक गोष्ट पक्की करा, बाकीचं सगळं तिच्यावरून ठरतं: मार्शलच्या खुणेचा अर्थ एकच असला पाहिजे, ‘पुढे धोका आहे’. ‘रस्ता मोकळा आहे, या’ असं सांगायचा अधिकार त्याला नाही. चौकातला उत्साही मुलगा हात फिरवत ‘चला चला, दाबा’ म्हणून ओरडतो. सायकलस्वाराला वाटतं आडवी वाहनं थांबवली आहेत. तो मान खाली घालून चौकात घुसतो आणि त्याच वेळी बोळातून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल बाहेर येते. मार्शल तिथे नसता तर त्या सायकलस्वाराने स्वतः मान वर करून दोन्हीकडे बघितलं असतं. म्हणून खोटी खूण ही खूण नसण्यापेक्षा घातक असते. प्रोत्साहन द्यायला प्रेक्षक आहेत, मार्शलने टाळ्याही वाजवू नयेत.

यामागे कायद्याची बाजूही आहे. चालती वाहनं थांबवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाचा. रस्ता ठरावीक वेळेसाठी बंद किंवा वळवायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली सक्षम अधिकाऱ्याची अधिसूचना लागते. कोल्हापुरात त्यासाठी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय आणि शहर वाहतूक शाखेकडे किमान महिनाभर आधी अर्ज द्या. सोबत नकाशा, चौकनिहाय वेळा, रुग्णवाहिकांची व्यवस्था आणि विम्याची प्रत जोडा. रस्ता ज्या विभागाकडे आहे तो विभाग आणि वाटेतल्या ग्रामपंचायतींनाही पत्र द्या. फ्रान्समध्ये स्पर्धेच्या स्वयंसेवकाला प्रशासनाची मान्यता लागते. तो सज्ञान आणि वाहन परवानाधारक असावा लागतो, आणि एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवी अशी ठरलेली थाळी त्याच्या हातात असते. आपल्याकडे स्वयंसेवकाला असा दर्जा नाही. तो विनंती करू शकतो, अडवू शकत नाही. खाकी किंवा पोलिसांसारखा दिसणारा पोशाख त्याला अजिबात देऊ नका. भडक नारिंगी किंवा पोपटी जाकीट, त्यावर चमकणारी पट्टी, एवढं पुरे.

आधी तारीख आणि वार तपासा

रविवार सोयीचा वाटतो, पण पन्हाळ्याच्या वाटेवर रविवार जोतिबाचा असतो. केर्लीतून जोतिबाकडे वळणाऱ्या जीपा, दुचाकी आणि पायी भाविक सकाळपासूनच रस्त्यावर असतात. माघात सुरू होणारे खेट्यांचे (जोतिबाला अनवाणी चालत जाण्याच्या व्रताचे) पाच रविवार तर या मार्गावर स्पर्धा ठेवूच नये. पहाटेपासून अनवाणी चालणाऱ्या माणसांमधून सायकलींचा घोळका नेणं त्यांच्यावर अन्याय आहे आणि धोकादायकही. चैत्र यात्रेच्या आसपासचे दिवसही तसेच वगळा.

दुसरी गोष्ट उसाची. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे सायकल स्पर्धांचे आणि उसाचे दिवस एकच. आसुर्ले-पोर्ले असो की गगनबावडा वाटेवरचा कुडित्रे, कारखान्याच्या आसपास पहाटे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागोमाग चालतात. मार्शलला हे घोकूनच द्या: भरलेला ट्रॅक्टर चढावर कधीही थांबवायचा नाही. तो परत उचलत नाही, मागे सरकतो, ट्रॉली आडवी होते आणि सगळा रस्ता अडतो. त्याला सपाटीवर, कडेला जागा असेल तिथे किंवा गावाच्या तोंडाशीच थांबायची विनंती करायची. तशी जागा नसेल तर ट्रॅक्टर जाऊ द्या आणि सायकलींना झेंडा दाखवा. याहून चांगला उपाय महिनाभर आधी करता येतो. कारखान्याच्या शेती विभागाला आणि वाहतूकदारांना भेटून ठरलेल्या दीड-दोन तासांत त्या रस्त्याने गाड्या सोडू नयेत अशी विनंती करा. विनंती लेखी द्या, वेळ नेमकी सांगा आणि ती पाळा. एकदा ‘आठपर्यंत’ म्हणून साडेनऊपर्यंत थांबवलं, की पुढच्या वर्षी कोणी थांबणार नाही.

ट्रॅक्टर गेल्यावरही त्याच्या खुणा मागे राहतात. उसाची कांडकी, वाडं, शेतातून बाहेर पडताना चाकांना लागून आलेला ओला चिखल. २५-२८ मिलीमीटरच्या टायरखाली कांडकं आलं की पुढचं चाक निसटतं. म्हणून स्पर्धेच्या पहाटे घोळक्याच्या ४० ते ४५ मिनिटं आधी एक गाडी खराटे, फावडं, पाण्याचे कॅन आणि दोन माणसं घेऊन मार्गावरून जायलाच हवी. आदल्या संध्याकाळी झाडलेला रस्ता पहाटे तसाच असेल असं गृहीत धरू नका.

मार्शल कुठे उभा करायचा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

सपाटीवर ४० किमी वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो. घोळक्यात असताना खूण दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे १७ मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १३ मीटर. एकूण ३० मीटर, तेही एकट्या माणसाला आणि सगळं नीट झालं तर. उतारावर ६० किमी वेग असेल तर हेच अंतर ६० मीटरवर जातं, आणि ओल्या रस्त्यावर रिम ब्रेकच्या सायकलीला त्याहून बरंच जास्त लागतं. शिवाय ५० जणांच्या घोळक्यात पुढच्या चार जणांनाच झेंडा दिसतो. मागच्यांना कळतं ते पुढच्यांच्या हाताच्या खुणेवरून आणि ओरडण्यावरून, आणि त्यात वेळ जातो. म्हणून सपाटीवर धोक्याच्या ८० ते १०० मीटर आधी आणि उतारावर १५० मीटर आधी झेंडा दिसलाच पाहिजे. धोक्याजवळ उभं राहून दाखवलेला झेंडा पडलेल्या माणसाला दाखवल्यासारखाच आहे.

वळणामागे धोका असेल तर एका मार्शलवर भागत नाही. पहिला वळणाच्या आधी, लांबून दिसेल असा. दुसरा धोक्यापाशी. दोघांना एकमेकांचा आवाज किंवा शिट्टी ऐकू यायला हवी.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, कोणालाही उभं करू नका. वेग चुकलेला सायकलस्वार सुटून नेमका तिथेच जातो. पण फोटोग्राफर आणि प्रेक्षक हटकून तिथेच उभे असतात, त्यांना हटवणं हेही मार्शलचं काम. त्याची स्वतःची जागा वळण सुरू होण्याच्या आधी, आतल्या बाजूला, आणि पाय मागे टाकायला जागा असेल अशी. मागे दरी, भिंत किंवा गटार असलेली जागा नको.

दुभाजकाचं टोक हा सगळ्यात फसवा अडथळा. पुढच्या दोघांना तो दिसतो, ते बाजूला होतात, आणि तिसऱ्याच्या पुढ्यात अचानक दगडी कड येते. इथे मार्शल दुभाजकावरच, टोकापासून दोन-तीन मीटर आत उभा राहील, झेंडा डोक्याच्या वर. टोकाला भाताच्या पिंजराचे घट्ट बांधलेले भारे कमरेइतक्या उंचीपर्यंत रचा आणि त्यावर पिवळं कापड गुंडाळा. कडब्याच्या पेंढ्या वापरू नका, धाटं टणक असतात आणि टोचतात. आणखी ६०-७० मीटर आधी रस्त्यावर फक्कीने बाण काढा. तैलरंग वापरू नका, विशेषतः वळणावर. ओला झाला की तो घसरतो, आणि स्पर्धा संपल्यावरही महिनोन्महिने इतर दुचाकीस्वारांची दिशाभूल करत राहतो. फक्की दवाने पुसट होते, तेव्हा ती पहाटेच्या झाडणाऱ्या गाडीतूनच मारा.

रंग न दिलेल्या गतिरोधकांची यादी वेगळी करा. ते मोटारीतून लक्षात येत नाहीत. संपूर्ण मार्ग सायकलवरून, शक्यतो स्पर्धेच्या वेळेलाच, दोनदा पाहावा लागतो: एकदा अर्ज करण्याआधी आणि एकदा आदल्या आठवड्यात. महामार्गाचं काम चालू असेल तिथे खडी, वळसे आणि बॅरिकेड आठवड्यागणिक जागा बदलतात. घाटाचा रस्ता तर प्रत्येक पावसाळ्यानंतर नव्याने तपासायचा. २०२१ च्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या मुख्य रस्त्याचा भाग खचला होता, हे विसरून चालणार नाही.

उन्हाची दिशाही पाहा. पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला आहे. जाताना सूर्य पाठीशी असतो. परतताना हिवाळ्यातलं खालचं ऊन सरळ डोळ्यांत येतं, सायकलस्वारांच्याही आणि चालकांच्याही. सावलीत उभा असलेला पोपटी जाकिटातला मार्शल तेव्हा दिसत नाही. त्याला उन्हात उभं करा आणि झेंडा हलता ठेवायला सांगा. स्थिर रंगापेक्षा हलता रंग लवकर नजरेत येतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी पंचगंगेकाठच्या पट्ट्यात धुकं असेल तर झेंड्याचा उपयोग नाही, हातात उजेडाची कांडी हवी. मुळात दिवस दिसू लागल्याशिवाय स्पर्धा सोडू नये, पावणेसातच्या आत तर नाहीच. त्या दिवशी धुकं राहिलं तर आणखी थांबायचं.

खूण, शिट्टी आणि बोलणं

जगभरच्या रस्ता स्पर्धांत धोक्याला पिवळा झेंडा आणि शिट्टी हीच पद्धत आहे, तीच ठेवा. झेंडा साधारण ६० सेंटीमीटर चौरस, काठी ८० सेंटीमीटरची. घोळका नजरेत आला की झेंडा डोक्यावर आडवा हलवायचा, शिट्टीचे छोटे छोटे फुंकर सलग द्यायचे आणि मोकळ्या हाताने कुठल्या बाजूने जायचं ते दाखवायचं. शेवटचा सायकलस्वार जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. धोका नसेल तेव्हा झेंडा गुंडाळून खाली. दर सायकलीला झेंडा हलवत राहिलं की खऱ्या धोक्याच्या वेळी त्याकडे कोणी बघत नाही. लाल झेंडा फक्त स्पर्धा थांबवण्यासाठी. तो सरसकट वाटू नका, चार-पाच अनुभवी माणसांकडेच ठेवा.

रस्त्यावरच्या माणसांशी कसं बोलायचं हेही शिकवावं लागतं. शहरातल्या तालमींची पोरं आणि वाटेतल्या गावांतली तरुण मंडळं याला उत्तम, कारण वाहनवाला ओळखीचा निघतो. ‘मामा, दोन मिनिटं थांबता का? पन्नास सायकली येत्यात, गेल्या की लगेच सोडतो’ एवढं पुरतं. गाडीसमोर हात पसरून उभं राहायचं नाही, बोनेटवर थाप मारायची नाही, किल्ली काढायची नाही. चालक थांबायला तयार नसेल तर वाद घालू नका. पाठ त्याच्याकडे करून झेंडा सायकलींकडे वळवा आणि शिट्टी वाजवा. सांगितलेल्या दोन मिनिटांत घोळका आला नाही तर वाहनं सोडायची. दवाखान्याची निकड सांगणाऱ्याला तर थांबवायचंच नाही, तेव्हा स्पर्धेने थांबायचं.

गावांत सकाळी सहा ते आठ दूध संस्थेची वेळ. संस्थेच्या सचिवांना आधी भेटून ठेवा, म्हणजे कॅन घेऊन रस्ता ओलांडणाऱ्यांना तिथूनच सूचना मिळते. शहरात गंगावेशीचा दूध कट्टाही पहाटेच गजबजलेला असतो. तिथून घोळका शर्यतीच्या वेगाने नेऊ नका. दसरा चौकातून सुटून शिवाजी पूल ओलांडेपर्यंत पुढच्या गाडीमागे २० ते २५ किमी वेगाने, कोणीही पुढे न जाता, आणि खरी शर्यत पुलापलीकडे. कुत्र्यांसाठी वेगळा उपाय नाही. त्या गल्लीतलाच माणूस मार्शल असला की त्याच्या हाकेला कुत्रं वळतं.

वेळ आणि संख्या

प्रत्येक जागेची वेळ काढायची रीत अशी. समजा, १५ किमीवरचा एक फाटा आहे. पहिले सायकलस्वार ३६ किमी वेगाने २५ मिनिटांत तिथे पोचतील. शेवटचा १५ किमी वेगाने एका तासात. आता ३०० जणांना ५०-५० च्या सहा तुकड्यांत ३ मिनिटांच्या अंतराने सोडलं, तर शेवटची तुकडी १५ मिनिटं उशिरा निघते. सुटण्याची वेळ ६:४५ धरली तर पहिला ७:१० ला, शेवटचा ८:०० ला. म्हणजे मार्शल ६:४० ला जागेवर हवा आणि मागची गाडी येईपर्यंत हलायचं नाही. हा तक्ता प्रत्येक जागेसाठी करा आणि कागदावर छापून द्या. मोबाइलमध्ये पाठवलेला तक्ता घाटात रेंज नसताना उघडत नाही.

आकडा आता निघतो. मार्गावरच्या प्रत्येक धोक्याला वर्ग द्या. ‘अ’ म्हणजे जिथे आडवी वाहतूक मोठी आहे: पोलीस हवाच, सोबत दोन मार्शल. ‘ब’ म्हणजे दोन मार्शल: आंधळं वळण, दुभाजक, गावातला मुख्य चौक. ‘क’ म्हणजे एक: गतिरोधक, बोळाचं तोंड, खराब पट्टा. समजा यादीत ७ ‘अ’, १२ ‘ब’ आणि १५ ‘क’ निघाले. १४ अधिक २४ अधिक १५, म्हणजे ५३. आयत्या वेळी न येणाऱ्यांसाठी दहा टक्के, म्हणजे सहा राखीव. सुरुवात आणि शेवटच्या रेषेवर मिळून १२. सत्तरच्या आसपास माणसं झाली. ‘दर किलोमीटरला दोन’ असले हिशेब सोडून द्या. सरळ, मोकळ्या दोन किलोमीटरला एकही लागत नाही आणि एका वाईट चौकाला दोघं आणि वर पोलीसही लागतो.

‘अ’ जागेला पोलीस मिळाला नाही तर तिथे चार स्वयंसेवक उभे करून वेळ मारून नेऊ नका. मार्ग बदला, किंवा तेवढा भाग शर्यतीतून वगळून सगळ्यांना गाडीमागे सावकाश न्या. रेल्वे फाटक असलेला मार्ग तर निवडूच नका.

मार्शल १८ वर्षांपुढचाच. सामान: जाकीट, झेंडा, आत गोळी नसलेली शिट्टी, टोपी, लिटरभर पाणी, जागेचा क्रमांक आणि नियंत्रण कक्षाचे दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड, हातमोजे, जाळीच्या कापडाच्या घड्या आणि एक तिकोनी पट्टी. तीन तासांहून जास्त उभं राहायचं असेल तर बदली माणूस. नाश्ता जागेवर पोचवा. भुकेला माणूस चहाच्या गाड्यापर्यंत जातो, आणि घोळका नेमका तेव्हाच येतो.

प्रशिक्षण हॉलमध्ये उरकू नका. आदल्या दिवशी प्रत्येक जोडीला तिच्या जागेवर नेऊन उभं करा, समोरून चार सायकली वेगाने आणा आणि झेंडा कुठून दिसतो ते सायकलवाल्यांनाच विचारा. मग तीन प्रश्न: घोळका दिसला की काय करणार? तुझ्यासमोर कोणी पडला तर आधी कुठे जाणार? जागा कधी सोडणार? यापैकी एकाचं उत्तर चुकलं तरी त्याला एकट्याला ठेवू नका.

मोटरसायकलवरचे मार्शल

उभ्या मार्शलांसोबत चार ते सहा मोटरसायकली लागतात. प्रत्येकीवर दोघं, दोघांनाही हेल्मेट. चालवणारा फक्त चालवतो, मागचा झेंडा आणि रेडिओ सांभाळतो. पुढची गाडी घोळक्याच्या अर्धा ते पाऊण किलोमीटर पुढे राहून समोरून येणाऱ्यांना सावध करते. बाकीच्या गाड्या मार्शल नसलेल्या चौकांत थांबून, घोळका गेल्यावर परत पुढे जातात, आणि गडबड होते ती या पुढे जाण्यातच. घोळका ओलांडायचा तो फक्त रुंद, सरळ, दिसणाऱ्या पट्ट्यात, एकाच बाजूने, दोन छोटे हॉर्न देऊन. वेग घोळक्यापेक्षा २० किमीहून जास्त नको. उतारावर आणि वळणावर ओलांडायचं नाही, मग पुढच्या चौकाला मार्शल नसला तरी चालेल. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची गाडी नको. तिच्या आवाजात शिट्टी बुडते.

रेडिओ असतील तर परवाना लागत नाही अशा वारंवारतेचेच घ्या, आणि घाटात ते कुठून कुठे पोचतात हे आधी चालून बघा. मध्ये डोंगर आला तर निरोप पुढे देणारा एक माणूस उंचावर बसवावा लागतो. निरोपाचा क्रम ठरलेला: जागा, काय झालं, किती जण, शुद्धीवर आहे का, रस्ता अडला आहे का. ‘जागा तेवीस. एक जण पडला. शुद्धीवर आहे, हात हलवता येत नाही. अर्धा रस्ता अडलाय.’ नियंत्रण कक्षाने तेच परत म्हणून दाखवायचं.

कोणी पडला तर

पडलेल्याकडे धावत जाणं ही स्वाभाविक ओढ असते, आणि दुसरा अपघात तिच्यातूनच होतो. जोडीतला एक जण झेंडा घेऊन उलट दिशेने ८०-१०० मीटर मागे पळेल. दुसरा जखमीकडे जाईल. एकटाच असेल तर आधी मागे झेंडा, मग जखमी. जवळच्या प्रेक्षकाच्या हाती झेंडा देता येतो, म्हणूनच खूण सोपी ठेवलेली बरी.

जखमीला ओढून कडेला आणायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही. रक्त येत असेल तिथे जाळीची घडी ठेवून तळहाताने दाबून धरायचं. डोकं आपटलं असेल तर त्याला स्पर्धेत परत सोडायचं नाही, तो कितीही हट्ट करो. ‘कुठे आहोत आपण? आत्ता कुठलं गाव गेलं? किती वाजता सुटलो?’ यात अडखळला, मळमळ किंवा अंधारी सांगितली, तर नंबर काढून घ्या आणि गाडीत बसवा. उत्तरं बरोबर आली तरी त्या दिवशी सायकल नाही, कारण मेंदूला बसलेला धक्का कधीकधी तास-दोन तासांनी दिसतो. या निर्णयावर मार्शलशी कोणी वाद घालू नये, म्हणून तो नियम प्रवेश अर्जातच छापा.

३०० जणांसाठी किमान तीन रुग्णवाहिका धरा: एक घोळक्यामागे, एक वाघबीळ परिसरात चढाच्या पायथ्याशी, एक वर शेवटच्या रेषेजवळ. तिन्ही तोंड रस्त्याकडे करून उभ्या, चालक जागेवर. १०८ ची सेवा आधाराला आहे, पण ती आपल्या स्पर्धेसाठी राखीव नसते. तिच्या भरवशावर स्वतःच्या रुग्णवाहिका कमी करू नका. सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागाला आणि एका खासगी रुग्णालयाला तारीख व वेळ आधी कळवा. एक रुग्णवाहिका जखमीला घेऊन निघाली की उरलेल्या दोघींपैकी एकीची जागा लगेच बदला. दुसरीही गेली तर नवीन येईपर्यंत स्पर्धा थांबवायची. हा निर्णय स्पर्धा संचालक, मुख्य पंच किंवा पोलीस यांपैकी कोणीही एकट्याने घेऊ शकतो, हे आधी लेखी ठरलेलं असू द्या. त्या क्षणी बैठक घेता येत नाही.

पन्हाळ्याचा उतार

मूळ प्रश्नात ‘आणि परत’ आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की शर्यत वरच संपवा. पायथ्यापासून मोठा चढ आहे, शर्यतीचा निकाल तिथे आपोआप लागतो. परतीला वेळ लावला तर उतारावर ६० किमीने येणारे जलद लोक आणि त्याच अरुंद रस्त्यावर अजून चढणारे, दमून नागमोडी चालवणारे लोक समोरासमोर येतात. वरच्या हिशेबात १५ किमीच्या फाट्यावर शेवटचा माणूस आठला पोचतो. जोराचे गडी तोवर गडाला शिवून खाली उतरलेलेही असतात. त्यात पर्यटकांच्या गाड्या वर येऊ लागलेल्या. हा गुंता कितीही मार्शल लावून सुटत नाही.

शेवटची रेषा पन्हाळ्याच्या कर नाक्याच्या बरीच अलीकडे ठेवा, म्हणजे नाक्यावरची गाड्यांची रांग तिथपर्यंत येत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमात रेषेआधी ३०० आणि नंतर १०० मीटर दोन्ही बाजूंनी बॅरिकेड सांगितलेले आहेत. चढावरच्या शेवटाला वेग कमी असतो, तरी नंतरचे १०० मीटर सोडू नका. रेषा ओलांडली की माणूस जागीच थांबतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. तिथे दोन मार्शल एवढंच सांगायला: ‘थांबू नका, पुढे चला.’

चढणारा शेवटचा माणूस वर आल्यावरच परतीच्या तुकड्या सोडा, २५-३० जणांच्या, पुढे एक गाडी आणि मागे एक. उतारावर गाडीचा वेग ३० किमीच्या आत. तुकड्यांत पाच मिनिटांचं अंतर. वाट बघायला लावतो म्हणून वर चहा, पोहे आणि अंगावर घ्यायला काहीतरी द्या. घामाने भिजून थंडीत उभ्या राहिलेल्या माणसाची बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. सुटण्याआधी दोन स्वयंसेवक प्रत्येकाचे ब्रेक दाबून बघतील, आणि ज्याचा लिव्हर दांड्याला टेकतो तो गाडीतून खाली येईल.

घोळक्यामागच्या गाडीवर हिरवा झेंडा लावा. ठरलेल्या वेळेच्या मागे पडलेल्याचा नंबर काढून त्याला स्पष्ट सांगायचं की आता तू साधा वाहनचालक आहेस, पुढे मार्शल नसतील. गाडीत जागा द्या, पण जबरदस्ती नको. चढाच्या वेळी हिरवा झेंडा पाहून मार्शलने जागा सोडायची नाही, कारण परतीच्या तुकड्या अजून यायच्या असतात. परतीच्या शेवटच्या तुकडीमागे तोच झेंडा गेला आणि नियंत्रण कक्षाने जागेचा क्रमांक घेऊन ‘मोकळे’ म्हटलं, की मगच निघायचं. निघताना प्रत्येकाने कार्डाच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: आपल्या जागेवर कोण थोडक्यात वाचलं आणि कशामुळे. जखमींची नोंद आपोआप होते, हुकलेल्या अपघातांची होत नाही. पुढच्या वर्षी ‘ब’ची कुठली जागा ‘अ’मध्ये न्यायची, हे त्याच दोन ओळींवरून कळतं. कार्ड, झेंडे आणि माणसं अशी तिन्ही मोजणी पूर्ण झाल्यावर कक्ष बंद करा.